कळकलेली खाडी

डेव्होरनच्या धक्क्याखाली ओहोटीचा चिखल
हळदीत बुडवलेल्या फडक्यासारखा पसरतो.
हळद कसली, गंज.
वर टेकडीत बंद पडलेल्या खाणी अजून पाझरतात:
तांबं, जस्त, आर्सेनिक.
मालक गेले, मजूर गेले,
पाझर तेवढा न चुकता पाळीवर येतो.

मी पिंजऱ्यातून खेकडे काढते.
रबरी हातमोजे, बादली, पाठीवर रंगानं घातलेले नंबर.
एकवीस नंबर, नर. नांगी उगारत नाही.
नाकासमोर शिंपल्याचं मांस धरलं
(नाक नसतंच त्याला, मिशांनी हुंगतो)
तर मिशा हलवत बसला,
गल्ली ओळखीची आणि घर सापडेना
अशा माणसासारखा.
आधी वास मरतो.
भूक त्याच्यामागून, सावकाश.

रक्त त्याचं निळं.
आपल्यात लोखंड, त्याच्यात तांबं,
तांब्याच्याच जिवावर तो श्वास घेतो.
आणि तेच तांबं पाण्यात चार कण जास्त झालं
की कल्ल्यांच्या झालरी काळ्या पडतात, एकमेकींना चिकटतात,
भर पाण्यात गुदमरतो.

माझे वडील तांबट. चिपळूणला, बाजाराच्या मागच्या बोळात
ठोक्यांवर दुपार मोजायचे.
सांगायचे, तांब्यात पाणी ठेव, ताक ठेवू नकोस.
एकदा कल्हई उडालेल्या पातेल्यात
कोकमाचं सार रात्रभर राहिलं.
सकाळी हिरवट, जिभेला चरचरीत.
आईनं परसात ओतलं, केळीपासून लांब.
एवढंच म्हणाली: कळकलं.

या शब्दाला इंग्रजीत जोड मिळाला नाही मला.
अहवालात लिहिते, धातूंचं प्रमाण मर्यादेबाहेर.
वहीच्या कडेला, माझ्यापुरतं, मराठीत:
खाडी कळकली.

कथलासाठीच पोखरला हा मुलूख.
वडिलांच्या हातात असायची त्याची बारकीशी कांडी,
नवसागराचा भपका, कापसाचा बोळा,
एक गिरकी,
की पातेल्याच्या पोटात चांदणं.
नदीला कुठून धरायचं? कुठे तापवायचं?

जोरी ट्रेम्बाथ रोज धक्क्यावर येतो, वय एक्याऐंशी.
सोळाव्या वर्षी खाणीत उतरलेला.
तो खोकतो तेव्हा मी वाक्य अर्ध्यात धरून थांबते.
"एकवीस नंबर काय म्हणतोय?"
"कात टाकायचीय. कवच उकललंय मागून,
बाहेर येणं होत नाहीये."
धडधाकट खेकडा तासा-दोन तासांत मोकळा होतो.
ह्याला कालपासून जमेना.
जोरीनं पाइप झटकला, रिकामाच असतो तो आता.
"घाई करू नको म्हणावं. बाहेर काय ठेवलंय?"

आज सकाळी टाकीत दोन खेकडे.
क्षणभर वाटलं, कुणी चुकून नवा सोडला.
एक पोकळ होता, डोळ्यांच्या टोप्यांसकट अख्खा.
दुसरा कोपऱ्यात,
भिजवलेल्या कणकेसारखा मऊ, डाव्या नांगीशिवाय.
ती आतच राहिली.

कात टाकल्यावर खेकडा पाणी पितो,
पिऊन पिऊन फुगतो,
म्हणजे नवं कवच मोठ्या मापाचं धरतं.
टाकीत पाणी खाडीचं. प्रयोगाची अटच तशी.
पितोय.
मी काचेपाशी वाकून बघत राहिले,
वजनाला उचलला नाही. बोटाची खूण उठली असती.

नोंद: सहा चाळीस. जिवंत.
खाली धक्क्यावर खोकला ऐकू आला.
नांगीचं त्याला सांगावं की नाही, जिने उतरेपर्यंत ठरलं नाही.